कुरवांना टोपी चढते तेव्हा...

मुंबईला वसंत नाही, अशी तक्रार बाहेरगावचे पाहुणे नेहमी करतात. जानेवारीत जरासा गारवा पडतो, शाली-स्वेटरं बाहेर निघतात न निघतात तोच उकाडा सुरू. मधलं काही नाहीच. पंचांगात चैत्र-वैशाखाला वसंत म्हटलेलं असतं आणि प्रत्यक्षात लोकलच्या डब्यात माणसं घामाने निथळत असतात! तरीही या शहरात वसंत येतो, अगदी वेळेवर येतो, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. फक्त तो झाडावर शोधायचा नाही, पाण्यावर शोधायचा. मार्च उजाडला की गेटवेच्या धक्क्यावर, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर किंवा शिवडीच्या जेट्टीवर जावं आणि कुरवांच्या डोक्यांकडे बघावं. महिन्यापूर्वी पांढरीशुभ्र असलेली ती डोकी मळायला लागलेली दिसतात. कुणाच्या कपाळावर डाग, कुणाच्या हनुवटीखाली ठिपके, तर कुणाच्या डोक्यावर पुरती कॉफीच्या रंगाची टोपी. ही टोपी म्हणजेच मुंबईचा वसंत.

कुरव म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘सी-गल’ म्हणतो तो पक्षी. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो येतो आणि मांडव्याच्या किंवा घारापुरीच्या लाँचमागे घिरट्या घालत सगळा हिवाळा काढतो. त्यामुळे हा जन्माचा दर्यावर्दी, असा आपला पक्का समज झालेला असतो. वस्तुस्थिती मोठी गमतीची आहे. मुंबईत सर्वात जास्त दिसणारा जो तपकिरी डोक्याचा कुरव, त्याचं घर लडाख, तिबेट आणि पामीरच्या पठारांवर, चार हजार मीटरहून अधिक उंचीच्या सरोवरांकाठी असतं. तिथे मे-जूनमध्ये तो अंडी घालतो. म्हणजे नाव समुद्राचं आणि माहेर समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर, हिमालयाच्या पलीकडे! जूनमध्ये लेह-लडाखची सहल करणारी मुंबईकर मंडळी पँगाँग सरोवरावर ‘थ्री इडियट्स’ची जागा शोधत फिरतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरून जे पांढरे पक्षी ओरडत जातात ते हेच. मुंबईकराला ते तिथे भेटतात, पण ओळख पटत नाही. कारण इथे त्यांना टोपी नव्हती.

त्याच्याबरोबर इथे वावरणारा दुसरा कुरव म्हणजे काळ्या डोक्याचा. हा युरोपपासून थेट कामचात्कापर्यंत पसरलेला आहे. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी आणि डोळ्यामागे एक काळसर ठिपका, त्यामुळे नवख्याची पंचाईत होते. अशा वेळी डोकं सोडून द्यावं आणि पंख बघावेत. तपकिरी डोक्याच्याच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याच्या पंखाला पुढच्या कडेने पांढरी पाचर मारल्यासारखी. डोळाही वेगळा. पहिल्याचा फिकट, जरा रोखून बघितल्यासारखा. दुसऱ्याचा गडद आणि सोज्ज्वळ. मार्चमध्ये मात्र आणखी एक घोटाळा उघडकीला येतो. काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपी काळी नसतेच, ती गडद चॉकलेटी असते! नावं ठेवणाऱ्यांनीच आपल्याला टोपी घातली आहे. खरोखरीचं काळं डोकं असतं ते पल्लासच्या कुरवाचं. अठराव्या शतकात रशियात काम केलेल्या पेटर पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाचं नाव मिरवणारा हा पक्षी इतरांपुढे अगदी पहिलवान वाटतो, आणि त्याला टोपीही सगळ्यांच्या आधी, फेब्रुवारीतच चढलेली असते. तो बघायचा तर अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर जावं, नाही तर सरळ भिगवणला उजनीच्या पाण्यावर. याउलट बारीक चोचीचा कुरव जन्मभर टोपीविनाच राहतो. वसंतात त्याच्या छातीवर गुलाबी झाक तेवढी येते.

हा वेशबदल घडवून आणतो कोण? उकाडा नव्हे, फुलं नव्हेत. दिवसाची लांबी. कॅनडातल्या अल्बर्टात विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने १९२० च्या दशकात ऐन कडाक्याच्या थंडीत पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर विजेचे दिवे लावून रोज थोडा थोडा दिवस वाढवत नेला. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला होता! मुंबईत डिसेंबरातला सर्वात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वात मोठा सव्वातेरा तासांचा असतो. हा फरक आपल्याला जाणवतसुद्धा नाही. पक्ष्याच्या मेंदूला तेवढा पुरतो. पिसं बदलतात, भूक वाढते आणि रात्री अस्वस्थपणा सुरू होतो.

यातली भूक ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. टोपी छायाचित्रात येते, भूक येत नाही.

खाडीचा चिखल हा या भुकेचा मुदपाकखाना. ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवरून समोर बघितलं, तर नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. पण त्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात किडे, गोगलगायी, चिंगळ्या आणि शेवाळ ठासून भरलेलं असतं. रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, गुलाबी थवे नव्वदच्या दशकापासून इथे येऊ लागले ते त्याच शेवाळावर. त्यांच्या लांब पायांच्या गर्दीत आपली नजर छोट्या पक्ष्यांकडे जातच नाही. चिखल्या नावाचा ६०-७० ग्रॅमचा एक पक्षी तिथे हजारांनी असतो. थांबायचं, चार पावलं पळायचं, टोच मारायची, पुन्हा थांबायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. हिवाळ्यात मातकट, कुणी ढुंकूनही बघणार नाही असा. एप्रिलमध्ये त्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो, डोळ्यांवर काळा मुखवटा येतो, आणि हा पठ्ठ्यासुद्धा हिमालय ओलांडून तिबेटच्या पठाराकडे निघतो. बाकदार चोचीचा तुतवार तर गळ्यापासून पोटापर्यंत भाजल्या विटेसारखा लाल होतो. त्याचं गाव सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला, जिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. भांडुपच्या पाणथळीत लांब चोची खुपसून उभे असलेले पाणटिवळेही याच सुमारास तांबूस होतात. प्रवासाला निघण्यापूर्वी यांतले काही पक्षी तीन-चार आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करतात. सगळी चरबी, आणि सगळी या चिखलातून काढलेली. हिमालयापर्यंतच्या प्रवासाचा शिधा शिवडी-ठाण्याच्या खाडीत भरला जातो, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नव्हे.

ज्यांना हे बघायचं असेल त्यांनी घड्याळाआधी कालनिर्णय बघावं. भरतीची वेळ काढण्याचं आपल्याकडचं जुनं गणित अजून चोख चालतं: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन उभं राहावं. पाणी चढत येतं तसा चिखल आक्रसत जातो आणि दूरवर ठिपक्यांसारखे दिसणारे पक्षी हळूहळू आपल्याकडे सरकतात. पळत गेलात, तर उडतील. उभे राहिलात, तर ते स्वतःच्या पायांनी तुमच्यापर्यंत येतील. गेली वीस-बावीस वर्षं मी हा खेळ बघतो आहे, अजून कंटाळा आलेला नाही.

पण भरती पुरती झाली, शेवटची चिखलाची पट्टीही बुडाली, की हे हजारो पक्षी जातात कुठे? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. चिखल्या पोहत बसत नाही. कुरव पाण्यावर तरंगू शकतो, पण बाकीच्यांना पाय टेकायला जागा लागते. सहा तासांत पाणी ओसरेपर्यंत उभं राहायला, पिसं साफ करायला, खाल्लेलं पचवायला. ती जागा म्हणजे खाडीच्या काठची मिठागरं, भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडची तळी, नेरुळची पाणथळ, उरणचं पाणजे. एका ताटात जेवायचं आणि दुसऱ्या पाटावर बसायचं, असा हा संसार आहे. ताट ठेवलं आणि पाट काढून घेतला, तर पाहुणा जेवणार कसा? दर भरतीला दूरवर उडत जाऊन परत यायचं म्हटलं, तर दिवसभरात साठवलेली चरबी त्या ये-जा करण्यातच जळून जाते.

आणि नेमका हा पाटच आपल्या डोळ्यांत खुपतो. तिवरांना निदान झाडं म्हणून मान आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर बंदी आणली. ठाणे खाडीच्या पश्चिम अंगाला २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. हे सगळं चांगलंच झालं. पण उघडा चिखल आणि कोरडं मिठागर यांना नकाशावर नाव काय? ‘मोकळी जागा.’ मुंबईत मोकळी जागा हे शब्द कानावर पडले की पुढे काय होतं, ते या वाचकांना मी सांगायला नको. गाळ साचत गेला की खुद्द तिवरंच उघड्या चिखलावर चाल करून येतात आणि पक्ष्यांची जेवणाची जागा व्यापतात, ही आणखी एक गुंतागुंत. तेव्हा नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणून भागत नाही.

२०२४ साली राज्य सरकारने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या लोकांच्या घरांसाठी वापरायचं ठरवलं. घर नसलेल्या माणसापुढे चिखल्याची बाजू मांडायला मला संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. मात्र हिशेब मांडायचा, तर तो पुरा मांडावा. पावसाळ्यात भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकाच वेळी शहरावर येतं, तेव्हा हीच मिठागरं ते पोटात घेतात. पक्ष्यांचा पाट तो आपल्याही पुराचा पाट आहे. आणि ज्यांना आयुष्यभर पाण्यात राहावं लागलं, त्यांनाच पुन्हा सखल खाजणात घरं द्यायची, यात त्यांच्यावर तरी कोणती मेहेरबानी झाली?

पक्ष्यांचं येणं-जाणं आपल्या छपरांवरून होतं, हेही आपण विसरतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगर भागात उतरत्या विमानाची रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडक बसली आणि तीसहून अधिक पक्षी चाळी-इमारतींच्या मध्ये येऊन पडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, हळहळ झाली. कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळलं, की रात्री आपण पंख्याखाली झोपलेले असताना वरून थवे चाललेले असतात.

आता गाठियाबद्दल. हा विषय काढला की लोक रागावतात, पण काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मांडव्याच्या लाँचवर मागच्या कठड्याशी उभा होतो. कुरवांचा थवा हाताच्या अंतरावर, निम्म्यांना टोप्या चढलेल्या. दुर्बिणीची गरजच नाही. शेजारी एक गृहस्थ मुलीला खांद्यावर घेऊन गाठियाचं पाकीट रिकामं करत होते. मी शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हटलं, “अहो, हे नका देऊ त्यांना. तेलकट-खारट आहे.”

“काका, उपाशी आहेत बिचारे. बघा ना कसे येतात!”

“येणारच. आपणही फुकटची भजी सोडतो का?”

ते हसले, पण पाकीट संपवलंच. मुलीने मात्र विचारलं, “मग ते काय खातात?” मासे, किडे, चिखलातले जीव, असं मी सांगत गेलो आणि मांडवा येईपर्यंत तिची प्रश्नपत्रिका काही संपली नाही. एवढ्या हजार किलोमीटरवर जायचं तर वाटेत झोपतात कुठे, हा तिचा प्रश्न मला सर्वात आवडला.

गृहस्थांचं म्हणणं वरवर चुकीचं नव्हे. कुरव हा हावरट पक्षी, दिसेल ते गिळणारा. मासळीबाजारातली घाण आणि कचऱ्याचे ढीगही तो सोडत नाही. मग मूठभर गाठियाने काय बिघडणार? बिघडतं ते असं, की पोट भरतं आणि शरीराला हवं ते मिळत नाही. नवी पिसं घडवायला, हिमालय ओलांडायला जी प्रथिनं आणि जी चरबी लागते ती बेसनाच्या तळणात नसते. शिवाय लाँच दिसली की आकाशातून तिकडे धाव घ्यायची सवय लागते, आणि प्रवासाच्या ऐन तयारीचे आठवडे त्या पाठलागात जातात. भिगवणच्या होड्यांवर छायाचित्रांसाठी शेव फेकली जाते तिचीही हीच कथा. २०२५ साली कबुतरखान्यांवरून या शहरात केवढं वादळ उठलं! भूतदया, श्रद्धा, दम्याचे रुग्ण, सगळ्यांनी भांडून घेतलं. कुरवांच्या गाठियाबद्दल मात्र कुणी ब्र काढत नाही, कारण तिथे दयेला सेल्फीची जोड आहे. पाहुण्याला आग्रह करून वाढावं ही आपली रीत खरी. पण ज्याला पहाटे घाट चढायचा आहे, त्याच्या पानात आपण रात्री काय वाढतो?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असतात, तिथे एक मावशी दरवर्षी भेटतात. पक्ष्यांचं इंग्रजी नाव त्यांना ठाऊक नाही, पण जाण्या-येण्याची तारीख तोंडपाठ आहे. “शिमगा झाला की एकेक जायला लागतात. चैत्राच्या शेवटाला बघा, नुसती पोरंटोरं राहतात.” त्यांचा शिमगा आणि रोवनचे दिवे, दोन्ही एकाच गोष्टीची खूण सांगतात. आपल्याकडे पाणपक्ष्यांची मोठी शिरगणती १९८७ पासून दर जानेवारीत होते. तेव्हा सगळे इथे मुक्कामाला असतात म्हणून ते सोयीचंही आहे. पण किती आले हे जानेवारीत समजतं. किती धडधाकट निघाले, हे मार्च-एप्रिलमध्ये पाहावं लागतं, आणि त्या दिवसांत परीक्षा, लग्नसराई आणि उकाडा यांमुळे किनाऱ्यावर दुर्बीणवाले विरळ होतात. खरं तर तेव्हाच जायला हवं. एखाद्याच्या पायात कडी दिसली, तर तिचा आकडा टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावा. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ साली पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला सुरुवात केली. सालीम अलींच्या देखरेखीखाली चाललेल्या त्या कामातून, कोणता पाहुणा कुठून येतो याचा छडा हळूहळू लागत गेला.

निघणारे केवळ समुद्रावरचे नसतात. पांगाऱ्याच्या आणि सावरीच्या फुलांवर दंगा घालणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या एप्रिलमध्ये मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे जातात, तिथल्या टोळांवर त्यांची पिल्लं पोसली जातात. इमारतींच्या गच्चीवर शेपटी हलवत फिरणारा धोबी एका सकाळी दिसेनासा होतो. आणि हे सगळे गेले, आता पावसापर्यंत काही नाही, असं वाटत असतानाच मे संपता संपता दक्षिणेकडून नवरंग येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्याची दोन सुरांची शीळ घुमू लागते, आणि कधी कधी तो रात्रीच्या प्रवासात थकून एखाद्या सोसायटीच्या जिन्यात आढळतो. असं झालं, तर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावं आणि पक्षिमित्रांना बोलवावं. पाणी पाजायच्या खटपटीत पडू नये.

मेच्या पहिल्या आठवड्यात वर्सोव्याला गेलो, तर मावशींचं म्हणणं तंतोतंत खरं असतं. मोठे सगळे गेलेले. वाळूवर पाच-सात कुरव उरलेले असतात, पंखांवर अजून तपकिरी डाग, शेपटीला काळी किनार, डोकी अर्धवट मळलेली. ही गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पोरं. यंदा त्यांना घरटं बांधायचं नाही, त्यामुळे घाईही नाही. ओहोटीच्या रेषेवर मेलेला मांदेली मासा दिसला की दोघं त्यावरून भांडतात, तिसराच तो पळवतो, आणि मग तिघंही गरम वाळूवर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतात.